दांडी तुझ्याकडे, वजनं माझ्याकडे

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास दादाचे आशीर्वाद.

पत्राला तसं कारण काही नाही. आठवण झाली म्हणून लिहितो. इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इकडे सगळे आहेत, कोणी गेलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण मला असं पत्र आलं असतं तर पाकीट फोडायच्या आधी मी खुर्ची ओढून बसलो असतो.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझी सौ. आमच्या हिला फोनवर म्हणाली की जिना चढताना कठडा धरतोस. कठडा पक्का आहे ना, ते एकदा हलवून बघ. लोक कठडा धरतात, पण कठड्याला कोणी धरलंय ते बघत नाहीत.

दुकान चालू आहे. सूनबाई बसायला लागल्यापासून किराण्याचे डबे काचेचे झाले, प्रत्येकावर नाव आलं, आणि मला माझ्याच दुकानात मीठ सापडेनासं झालं. गेल्या वर्षी तिनं आकड्यांचा वजनकाटा आणला. लाल आकडे उमटतात, बिल आपोआप बाहेर येतं. जुना तराजू त्या काटेवाल्यानेच बदल्यात नेला. चांगलं आहे, तक्रार नाही. म्हणजे माझी नाही.

सहज विचारतो, आपला घरचा, वडिलांच्या वेळचा पितळी तराजू अजून तुझ्याकडे आहे का? की मोडीत घातलास? घातला असशील तर तसं कळव, मी रागावणार नाही. रागावण्यासारखं त्यात काय आहे? तुझ्या वाटणीचा होता.

एक बिस्किटवाल्या बाई आमच्याकडे नेमाने यायच्या, हल्ली येत नाहीत. बाकी गिऱ्हाईक नेहमीसारखं.

तुझा,
दादा

ता. क. कठडा हलवताना त्यावर भार टाकू नकोस.


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. "आहे. का?" एवढंच लिहिलंस. अख्खं कार्ड कोरं. तुझं शिक्षण माझ्यापेक्षा सहा इयत्ता जास्त झालं आणि मजकूर बघ कुणाचा मोठा असतो.

का, ते सांगतो.

त्या बिस्किटवाल्या बाईंना दिसत नाही. अगदी लहानपणापासून. पण भट्टीचं काम असं करतात की त्यांचं एक बिस्किट करपलेलं मी पाहिलं नाही. मैदा, साखर, बदाम, सगळं आपल्याकडून न्यायच्या. काठी दाराशी टेकवायच्या आणि पहिलं काय म्हणायच्या, तर "काका, आज मिरीचं पोतं फोडलंत वाटतं." नाक असं, आणि जीभ त्याहून तिखट. माझ्या रेडिओला त्या "तुमचा सर्दी झालेला पाहुणा" म्हणायच्या.

त्यांची तोलून घ्यायची एक रीत होती. वजन पारड्यात ठेवायच्या आधी मी त्यांच्या हातात द्यायचो. आपल्या वडिलांच्या वजनांवर आकडे उठावाचे आहेत, तुला आठवत असेल. त्या बोटाने आकडा वाचायच्या. मग दुसऱ्या पारड्यात बदाम पडायचे, दांडी स्थिर झाली की त्या मधल्या काट्याला बोटाचं टोक लावायच्या, पापणीला लावावं इतकं हलकं. काटा सरळ उभा असला की "हं" म्हणायच्या. मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं असलं तरी हे चुकायचं नाही.

आकड्यांचा काटा आला आणि त्या बोट लावायला गेल्या, तर हाताखाली गुळगुळीत काच. "किती झालं?" म्हणाल्या. मी सांगितलं. "ते तुम्ही सांगताय. मला कसं कळणार?" म्हणाल्या. मी म्हणालो, "इतक्या वर्षांत विश्वास नाही का बसला?"

त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या दुकानात येणारा जो तो मान वाकडी करून आकडा बघतो. त्याला विचारता का, विश्वास नाही का म्हणून?"

मी काहीतरी बोललो, त्या काहीतरी बोलल्या, आणि तेव्हापासून त्या आल्या नाहीत.

आता तसा तराजू मिळत नाही. मी बाजार पालथा घातला. एका दुकानदाराने तर मला शोभेच्या वस्तूंच्या दुकानात पाठवलं, तिथं तळहाताएवढा तराजू होता, त्यात मेणबत्ती लावतात म्हणे. सूनबाईने बोलणाऱ्या काट्याची चौकशी केली, वजन तोंडाने सांगतो असा असतो. ते लोक म्हणतात उन्हाळा संपता संपता येईल. तोवर थांबून चालणार नाही.

म्हणून तुझ्याकडचा हवा आहे. नाहीतरी वजनांशिवाय तुला त्याचा उपयोग काय? मामांनी वाटणीच्या दिवशी एकेकाने एकेक वस्तू उचला म्हटलं, तू सगळं सोडून तराजू उचललास, आणि माझी पाळी आल्यावर मी सगळं सोडून वजनं उचलली. मामांनी कपाळाला हात लावला होता. "आता दोघं मिळून एक गवताची काडी तोलून दाखवा," असं म्हणाले होते. मी तरी पुढे दुसरा तराजू घेऊन ती वजनं वापरली. तुझा नुसता टांगलेला.

उसना दे. पार्सल करणार असशील तर दांडीला चिंध्या गुंडाळ, काट्यावर रिकामा डबा बसव, आणि साखळ्या वेगळ्या पुरचुंडीत बांध. पार्सलवाल्याला "काच आहे" असं सांग. नसली तरी सांग.

दादा


२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

म्हणजे आमच्या हिनं तुझ्या सौ.ला सगळं सांगितलं. या दोघींचा फोन आपल्या दोघांच्या भांडणात एक दिवस बंद पडला नाही, हे मला कालच कळलं. मी इकडे पत्रात शब्द मोजून लिहितो आणि तिकडे तुला नाश्त्याबरोबर सगळी हकिकत मिळते.

तू विचारलंस, "गिऱ्हाइकाला जा म्हणालास का?"

म्हणालो. "जिथं हात लावू देतात तिथं जा," असं म्हणालो. दुकानात चारपाच माणसं होती, त्यातला एक हसला. त्या हसण्याने जास्त बिघडलं. बाईंनी काठी उचलली आणि शांतपणे म्हणाल्या, "जाते. पण तक्रार करून मग जाते." मला वाटलं बोलायचं म्हणून बोलल्या. पंधरवड्यात ग्राहक कचेरीची नोटीस आली. दुकानदाराने अंध गिऱ्हाइकाला वजन तपासायची सोय नाकारली, असं त्यात लिहिलंय. महिनाअखेर सुनावणी आहे.

हे मी तुला लिहिलं नव्हतं, कारण तू म्हणशील, दादाला दुकान सांभाळता आलं नाही. म्हणायचं तर म्हण.

परवाना जाईल का रे? सूनबाई म्हणते एवढ्याने जात नाही. पण ती सगळ्यालाच "जात नाही" म्हणते. दुधाला सुद्धा म्हणते, आणि ते जातं. नोटीस आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दोन वेळा दुकानाला कुलूप न लावताच घरी आलो, आणि दोन्ही वेळा आधी लावलेलं असून पुन्हा बघायला गेलो. म्हणजे नेमकं काय झालं ते मलाही सांगता येत नाही.

काल तुझ्या वहिनीने मला बाईंच्या घरी नेलं. नेलं म्हणजे बाहीला धरून नेलं. एक खोली, अर्ध्या खोलीत भट्टी, बिस्किटं भाजायचे लोखंडी पत्रे एकावर एक, आणि ओट्यावर लोणी फेसायचं काम चाललेलं. आम्ही दारात उभे राहिलो तोच त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही या. बरोबर कोण आहे, वजनदार माणूस दिसतोय."

मी म्हणालो, "बाई, मी आहे."

"ओळखलं. चपला घासत चालणारा एकच दुकानदार आहे गावात."

मी रस्त्यात पाठ केलं होतं ते बोललो. म्हणालो, सामान घरपोच देतो, तुम्ही यायचंच नाही, तक्रार तेवढी मागे घ्या.

त्यांनी पळी खाली ठेवली. "काका, ही शिक्षा मला की तुम्हाला? मला दुकानात यायला आवडतं. गावात कोण आजारी, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, सगळं तुमच्या फळीपाशी कळतं. घरपोच मैदा येईल, पण बातम्या कोण आणून टाकणार?"

मी म्हणालो, "मग दुसरं कोणी गिऱ्हाईक असेल त्याला आकडा वाचायला सांगतो. म्हणजे माझ्या एकट्याच्या शब्दावर नको."

"जो हसला होता तो?"

तुझी वहिनी मध्ये पडली. "अहो, त्यांना काय हवंय ते तरी विचारा. आल्यापासून तुम्ही देत सुटलाय."

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लबाड नाही हे मला माहीत आहे. लबाडीचा प्रश्नच नाही. माझे पैसे, माझे बदाम, मग वजन माझं मला कळायला हवं. सगळ्यांना कळतं तसं. बास."

घरी दाराशी आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "मी असते तर तक्रारीत तुमचं हसणारं गिऱ्हाईक पण घातलं असतं."

तराजू पाठव. पाठवणार नसशील तर तसं तरी लिही, दोन शब्दांत लिहिलंस तरी चालेल.

दादा


१५ मार्च

चि. धाकट्यास,

पोचला. दांडी सरळ, काटा शाबूत, साखळ्या पुरचुंडीत. वर "काच आहे" असं तुझ्या अक्षरात मोठं लिहिलेलं. आत चिठ्ठी फक्त, "वजनं हरवली नाहीस ना?" नाही हरवली. एक दाराला लावलेलं होतं, एक तुझ्या वहिनीच्या पापडावर, म्हणजे पापड वाऱ्याने उडू नयेत म्हणून, आणि बाकीची डब्यात. सगळी निघाली.

गोणपाट सोडून दांडी हुकाला लावली तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, हा एवढा सुंदर असेल असं वाटलं नव्हतं." मी म्हणालो, धाकट्याने जपला. हे तुला कळावं म्हणून लिहितो.

आता एक अडचण लिहितो. सौ.ला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, पण हळू.

वजनमाप खात्याचा शिक्का मारून घ्यायच्या आधी बाईंना एकदा दाखवावा असं मी ठरवलं. त्या आल्या. दुकानात गर्दी नव्हती. काठी दाराशी टेकवली, फळीपाशी आल्या, दांडीवरून हात फिरवला, साखळ्या चाचपल्या. "हं, हा जुन्या घरचा," म्हणाल्या. मग पारडी रिकामी असतानाच काट्याला बोट लावलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काका, अजून काही ठेवलं नाही ना?"

"नाही."

"मग हा झुकलाय का?"

मी चष्मा पुसला, खाली वाकलो, वर बघितलं. मला सरळच दिसत होता. सूनबाईने दोरा धरून बघितलं, तेव्हा कळलं. उजवं पारडं केसभर वर.

"वजनं उजवीकडे ठेवता ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "म्हणजे यावर दर वेळी मला बदाम कमी मिळणार."

मी म्हणालो, "बाई, शपथेवर सांगतो, मी मुद्दाम..."

"मुद्दाम केलं असतंत तर तुम्हाला इतका घाम आला नसता. वास येतोय."

आणि हसल्या. मला हसू आलं नाही. सुनावणी तोंडावर आलेली आणि माझ्या फळीवर खोटा तराजू, तोही मी स्वतः मागवलेला. मी तो तिथंच उतरवून गोणपाटात बांधायला निघालो. शिवाय दुसरा एक विचार मनात आला, तो असा की वडिलांनी आयुष्यभर यावरच तोललं. हा विचार इतका वाईट होता की गोणपाट मी तसंच सोडलं.

तुझ्या वहिनीने लगेच तिकडे फोन लावला. दोघी बराच वेळ बोलल्या, मग ही तोंडाला पदर लावून आली. तुमच्याकडे तराजू दाराच्या कोपऱ्यात टांगलेला होता, डावं पारडं कपाटाच्या मागे आणि उजवं समोर, खरं ना? आणि तुझी सौ. दर रविवारी तो राखेने घासते. घासणार कुठलं, तर समोरचं. मागच्यापर्यंत हात जात नाही. इतक्या वर्षांचे रविवार. पारडं झिजून हलकं झालं.

म्हणजे वडील खरे, तू खरा, आणि तुझी सौ. तर सगळ्यांत जास्त मन लावणारी. मी ऐकलं आणि मग मात्र मला इतकं हसू आलं की बाईंनी विचारलं, "काका, श्वास घेताय ना?"

त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या बाईंना माझा नमस्कार कळवा. माझ्या हातून एवढे पत्रे घासले गेले असते तर बिस्किटं खाली पडली असती."

काटे दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर अजून आहे. त्याने उजव्या पारड्याच्या पोटाला शिशाचा ठिपका लावला, पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं. मग निरीक्षक आला आणि शिक्का मारून गेला. जाताना स्वतःच दोन्ही पारडी हलवून बघत होता. तुझी वहिनी म्हणते, आता घासायचं तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

सौ.ने मनाला लावून घेऊ नये. तिला सांग, पितळ आरशासारखं आहे.

दादा


३० मार्च

चि. धाकट्यास,

हरलो. घाबरू नकोस, पुढचं वाच.

सुनावणीला मी, सूनबाई आणि तुझी वहिनी गेलो. छोटी खोली, लांब टेबल, खिडकीपाशी पंखा, आणि मधोमध एक चष्म्यावरून बघणाऱ्या अधिकारी बाई. आमच्या बिस्किटवाल्या बाई आधीच येऊन बसलेल्या. मी शेजारी बसलो तर म्हणाल्या, "नवा सदरा. खळ लागलीय, आवाज येतोय."

सूनबाईने माझं म्हणणं कागदावर लिहून दिलं होतं. तराजू आणला, शिक्का मारून घेतला, तक्रारदार बाईंनी तो तपासला, वगैरे. अधिकारी बाईंनी ते वाचलं आणि बरं वाटल्यासारख्या दिसल्या. "मग आता तक्रार मागे घ्यायची ना?" असं त्यांनी बिस्किटवाल्या बाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "नाही."

माझ्या हातातून चष्म्याचं घर खाली पडलं. मला वाटलं, गेलं. एवढं सगळं करून गेलं. तुझ्या वहिनीने माझा हात धरला आणि दाबला, तो गप्प बसा असा दाबला.

बाई म्हणाल्या, "काकांनी तराजू आणला, कारण त्यांना तो मिळाला आणि आणावासा वाटला. उद्या त्यांच्या जागी दुसरं कोणी बसलं आणि त्यांना नाही वाटलं तर? आणि मी लोणी दुसरीकडून घेते, फळं तिसरीकडून. तिथं मला काका कुठून मिळणार? मला हे मेहरबानी म्हणून नको, लिहून हवं. काकांचा माझ्यावर राग राहील, तो मी बदामाबरोबर घेऊन जाईन."

अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. "यावर तुमचं काय म्हणणं?"

सूनबाईच्या कागदात याचं उत्तर नव्हतं. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण शाळेत चौथीपर्यंतच गेलो तरी ती सवय लागलेली आहे. म्हणालो, "बाईंचं बरोबर आहे."

"म्हणजे निकाल तुमच्याविरुद्ध जाईल, समजतंय ना?"

"जाऊ दे. पण नीट लिहा. कोणालाही वाचून कळेल असं."

त्यांनी लिहिलं. सुट्टा माल विकणाऱ्या दुकानात, ज्याला आकडा दिसत नाही अशा गिऱ्हाइकाला हाताने किंवा कानाने स्वतः वजन पडताळता येईल असा काटा कायम ठेवावा. दुकानदाराने गिऱ्हाइकाला उलट उत्तर दिल्याबद्दल समज दिली. ती मला तिथंच दिली, मी "हो" म्हणालो. परवाना शाबूत आहे.

बाहेर आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "तुम्हाला आयुष्यात जिंकून आल्यावर पण इतकं मोकळं बघितलं नव्हतं." वाटेत मी दोन पेरू खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानात आल्या. मैदा, साखर, आणि मग बदाम. त्या दिवशी हसलेला तो इसम पण नेमका फळीपाशी उभा. मी वजन बाईंच्या हातात दिलं, त्यांनी आकडा चाचपला, मी बदाम घातले, दांडी थांबायची वाट बघितली. त्यांनी काट्याला बोट लावलं. सूनबाईने रेडिओ बारीक केला होता.

"हं," म्हणाल्या.

मग त्या इसमाने विचारलं, "मी लावून बघू का बोट?" बाई म्हणाल्या, "आधी डोळे मिटा, नाहीतर काही कळायचं नाही." त्याने मिटले, आणि बोट इतक्या जोरात लावलं की पारडं फळीवर आपटलं. आम्ही सगळे हसलो, तो सगळ्यात जास्त.

पैसे देताना बाईंनी विचारलं, "काका, हा तराजू आता इथंच ना? निकालात कायम असं लिहिलंय."

सरळ हो म्हणता आलं असतं. वजनं ठेवलेली होती, शिक्का मारलेला होता, आणि दुकानात कोणाला काय माहीत? पण मी म्हणालो, "तो माझ्या धाकट्या भावाचा आहे. त्याने उसना दिलाय. त्याला विचारावं लागेल."

"मला वाटलं होतं तुम्हाला कोणी भाऊ नाही. कधी बोलला नाहीत."

"आहे," म्हणालो.

"मग विचारा. पण मला चिठ्ठी वाचून दाखवू नका. ज्याचा तराजू त्याच्या तोंडून ऐकेन, म्हणजे माझी खात्री." असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

तर विचारतो. तराजू दुकानात राहू दे का? तुला नको वाटलं तर परत पाठवीन, चिंध्या जपून ठेवल्या आहेत, आणि उन्हाळा संपला की तो बोलणारा काटा येईलच. पण ते मला आवडणार नाही. सांगायला मात्र तुला यावं लागेल, बाईंची अट आहे, माझी नाही. माझीही आहे.

सौ.ला घेऊन ये. सकाळची गाडी घे, दुपारची कधी कधी रद्द होते. गुडघ्यांचं काही मनात आणू नकोस, दुकानाला पायरी नाही आणि घरी मी खालच्या खोलीत तुमची गादी घालतो. स्टँडवर मी येईन. येऊ नको असं कळवलंस तरी येईन, गाडी येईपर्यंत मला घरात बसवायचं नाही.

तुझा,
दादा